सेवेचा पगार

माझ्या नवऱ्याला चौघांनी उचललं तेव्हा तो चांगला जिवंत होता. शुद्धीत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल. महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम. स्टेजला बाजूने पायऱ्या. उतार नाही. आम्ही दोघं खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, त्याची व्हीलचेअर आणि माझी लोखंडी खुर्ची. माइकवरून माझं नाव पुकारलं, पाठोपाठ त्याचं. मी म्हटलं, मी एकटी जाते वर. तेवढ्यात चौघे आले. दोघांनी पुढून धरलं, दोघांनी मागून, आणि व्हीलचेअर सरळ उचलली.

"सांभाळून, सांभाळून!" एक जण ओरडला.

दुसरा हसत म्हणाला, "वजन वाढलंय हं तुमचं!"

लोक हसले. खुर्ची मागे कलली, त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकली आणि पोटरीला बांधलेली लघवीची पिशवी सगळ्या हॉलला दिसली. अर्धी भरलेली. पुढच्या रांगेतल्या रेशमी साड्यांनी माना वळवल्या. एका पोराने मोठ्याने विचारलं, "मॉम, व्हॉट इज दॅट?" आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

नवरा पॅन्ट खाली ओढायला बघत होता. हात पोचत नव्हते. मी खालून पायरी चढत होते आणि माझेही पोचत नव्हते. चौघांनी उचलायला तो काय मेला होता?

हे सगळं आमच्या सत्कारासाठी चाललं होतं.

अपघात झाला तेव्हा आम्हाला कॅलिफोर्नियात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नवरा ड्राफ्ट्समन. मी एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर सोल्डरिंग करायचे. डोळे दुखायचे, पण पगार माझ्या नावाने यायचा. मूल नव्हतं. मग एका सकाळी फ्रीवेवर मागून ट्रक आला. नवरा वाचला. कमरेखाली काही उरलं नाही.

मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे काय, दुसरा इलाजच नव्हता. त्याला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा. पिशवी बदलायची. अंघोळ. शौच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. हॉस्पिटलात एका थेरपिस्ट बाईने मला शिकवलं होतं, ओझं हाताने उचलायचं नाही, मांड्यांनी उचलायचं. आधी मी त्याला अहो म्हणायचे. माणसाला रोज अंघोळ घालायला लागलं की अहोजाहो टिकत नाही. कधी अरे झालं, दोघांनाही कळलं नाही.

पहिल्यांदा मंडळातले लोक आले. डबे आले. सगळ्यांनी सांगितलं, काही लागलं तर केव्हाही फोन करा. मग डबे थांबले. मग फोन थांबले. आमच्याकडे आलं की बसायचं कुठे, बघायचं कुठे, बोलायचं काय, हे त्यांना सुचेना. आजारी माणूस बरा होतो किंवा मरतो. आमचा दोन्ही करत नव्हता.

मला फार एकटं वाटायचं. याला दुसरा शब्द नाही. दुपारी तो झोपला की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे. समोर पार्किंग. तापलेल्या गाड्या. एक माणूस रस्त्याने चालताना दिसायचा नाही. कधीकधी बाथरूममध्ये नळ सोडून मी एकटीच मराठीत बोलायचे. काय बोलायचे ते आठवत नाही. फक्त आवाज ऐकू यावा म्हणून.

मंडळात तसेही आम्ही कडेलाच होतो. तिथे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून कळलं नाही तर गावाचा. तरी कळलं नाही तर, "मूळ आडनाव काय हो तुमचं?" मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. आम्ही बौद्ध. माझी आई सोलापूरच्या सरकारी इस्पितळात आया होती. ऐकून सगळ्या बायका हसऱ्या चेहऱ्याने गप्प झाल्या. इथे कुणी कुणाच्या हातचं पाणी नाकारत नाही, अमेरिका आहे. पण पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी घरून करून आणायच्या जेवणाला, कुणाला वरण सांगायचे, कुणाला पुरणपोळ्या, कुणाला श्रीखंड. मला दर वेळी पेपर प्लेट्स आणि बर्फ.

"तू काही करत बसू नकोस गं, तुला दगदग," असं सांगायचे. अपघाताच्या आधीही हेच सांगायचे. तेव्हा कसली दगदग होती?

नवऱ्याला डिसॅबिलिटीचा चेक सुरू झाला होता. त्यात भाडं भागायचं आणि बाकीचं ओढाताणीने. मग एक दिवस काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारची, बाई घरी आली. दांडगी, काळी, पायात पांढरे बूट. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि विचारत गेली. याला अंघोळ कोण घालतं? मी. रात्री कुशीवर कोण वळवतं? मी. जेवण, कपडे, पिशवी? मी, मी, मी.

"आणि तुला पगार कोण देतं?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

तिने समजावून सांगितलं. घरी अशा माणसाची काळजी घेणाऱ्याला तासावर मजुरी देण्याची काउंटीची योजना आहे. बायकोला सहसा देत नाहीत, पण बायकोने त्यासाठी नोकरी सोडली असेल आणि दुसरं कुणी करणारं नसेल तर देतात. "नवऱ्याचा चेक त्याच्या अपंगत्वाचा. हा तुझ्या कामाचा. एकामुळे दुसरा जात नाही." फक्त एक होतं. कागदोपत्री मालक नवरा. महिन्याला माझ्या तासांवर त्याने सही करायची.

ती गेली. नवऱ्याने आतून सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मी तुझा साहेब?"

"कागदावर."

"नको."

"का नको?"

"पैसे घेतलेस की तू नर्स झालीस. मग माझी बायको कोण?"

चिडून मी भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली. त्याचं चुकत होतं असं नाही. पण मला होकार द्यायचा होता. पैसे लागत होतेच, ते तर होतंच. त्याहून आत काहीतरी होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत मी जे करत होते त्याला या जगात कुठे नावच नव्हतं. कुणी विचारलं, "सध्या काय करतेस?" तर मी म्हणायचे, "काही नाही, घरीच असते."

तेव्हा मी तेच केलं जे आमच्यातल्या कुणीही केलं असतं. काउंटीच्या ऑफिसला फोन करून चार प्रश्न विचारायचे सोडून मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष हृदयाचे डॉक्टर. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. घर घ्यायचं, गाडी घ्यायची, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, भावाला इकडे कसं बोलवायचं, सगळं त्यांना विचारून. हृदयाचं कळतं म्हणजे बाकी सगळं कळतंच, अशी आमची समजूत. त्यांचीही.

त्यांच्या घरी एक मोठी खोली होती, त्यात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिचं करायला रोज एक फिलिपिनो बाई यायची. पगारी. मी गेले तेव्हा ती आईचे कपडे बदलत होती, दार उघडं होतं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक चेक येतोय ना? उद्या दुसरा मागितलात की ते पहिली फाइल उघडतील. दोन्ही जातील."

"तसा नियम आहे का?"

"नियम कशाला? कॉमन सेन्स आहे. आणि हे बघा, वी आर अ रिस्पेक्टेबल कम्युनिटी. आपल्यातलं कुणी वेल्फेअरवर नाही. बायकोने नवऱ्याला अंघोळ घालायचे पैसे सरकारकडे मागायचे? शोभतं का आपल्याला?"

मी म्हटलं, विचार करते.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगते, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"खरं सांगू? आम्हाला नसतं गं जमलं. ती घाण वगैरे काढणं. तुम्हा लोकांना त्याचं तसं काही वाटत नाही ना. तुझी आईसुद्धा हेच करायची."

आतली फिलिपिनो बाई मळलेल्या चादरी घेऊन आमच्यासमोरून गेली. वहिनींनी माझा हात थोपटला. मी चहा प्यायले. चहा चांगला होता. त्या चहाचा मला अजून राग येतो.

घरी येताना बसमध्ये मला कळलं की माझे कान गरम झालेत. तुम्हा लोकांना. म्हणजे माझ्या नाकाला वास येत नाही. माझ्या पोटात ढवळत नाही. पहिल्या महिन्यात मी बाथरूममध्ये जाऊन ओकायचे आणि तोंड धुऊन हसत बाहेर यायचे, त्याला कळू नये म्हणून. ते कुणी बघितलं होतं? मी शिकले ते. जन्मतः घेऊन आले नव्हते.

आणि आईचं म्हणाल तर आईने ते फुकट कधी केलं नाही.

पगाराच्या दिवशी आई मला बरोबर न्यायची. ड्यूटीची साडी धुऊन कडक वाळवलेली. रांगेत उभी राहायची. डॉक्टरांचा पगार दुसऱ्या खिडकीवर, आयांचा या खिडकीवर, पण हात पुढे करायची पद्धत सारखीच. नोटा कमरेला लावून आई निघायची ती ताठ. वाटेत मला भजी घ्यायची. एकदा एका पेशंटच्या नातेवाइकाने तिला दारात गाठलं. त्याच्या म्हातारीचं आणखी काही करून हवं होतं. म्हणाला, "मावशी, फार पुण्याचं काम करता तुम्ही."

आई चपला घालत होती. म्हणाली, "पुण्य तुम्ही ठेवा. माझी ड्यूटी संपली."

लहानपणी मला त्याची लाज वाटली होती. आईने गोड बोलायला पाहिजे होतं असं वाटलं होतं. बसमध्ये, त्या तापलेल्या रिकाम्या रस्त्यावर, मला पहिल्यांदा कळलं आई काय म्हणाली ते. कामाला शेवट असतो. सेवेला नसतो. म्हणून तर लोकांना सेवा आवडते, दुसऱ्याने केलेली.

तरी मी फोन केला नाही. भीती वाटत होती. पहिला चेक गेला तर? आणि खरं सांगायचं तर मंडळ गेलं तर? कडेला का होईना, तिथे मराठी कानावर पडायचं. वर्षातून चार-पाच वेळा. तेवढंही गेलं तर मी नळ सोडून किती बोलणार?

पंधरवड्याने वहिनींचा फोन आला. मंडळाने आमचा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. "दोघांनीही यायचं हं." मला आनंद झाला. हो, झाला. कुणीतरी बघितलं, असं वाटलं. मी चांगली साडी काढली. त्याच्या शर्टाला इस्त्री केली. त्या वेळी मला पेपर प्लेट्स आणायला सांगितलं नव्हतं.

तर आम्ही स्टेजवर. चौघे खुर्ची ठेवून घाम पुसत खाली गेले. मी वाकून त्याची पॅन्ट नीट केली. त्याचे कान लाल होते. डॉक्टर माइकपाशी.

"या देशात माणसं आपल्याच माणसांची किंमत लावतात," डॉक्टर म्हणाले. "आपल्या या भगिनीने लावली नाही. सरकार पैसे द्यायला दारात आलं होतं. तिने नाकारले! नवऱ्याची सेवा ही विकायची गोष्ट नाही, हे तिने दाखवून दिलं. अशी साधी घरातली ही देवी. आपल्या सगळ्या कम्युनिटीची मान तिने ताठ ठेवली."

टाळ्या. मोठ्या टाळ्या.

मी नाकारले नव्हते. मी विचार करते म्हटलं होतं. त्यांनी माझा विचार करून टाकला होता, मंडळाच्या बैठकीत, बहुतेक बटाटेवडे खाता खाता. आता ही शाल अंगावर आली की झालं. शाल घेऊन दुसऱ्या दिवशी पैसे मागणारी बाई खोटारडी ठरणार. म्हणून तर शाल होती.

वहिनी शाल उलगडून माझ्याकडे आल्या. चांगली शाल होती, जरीच्या काठाची. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, पिशवी जिथे होती त्याच्या वर.

मी वहिनींच्या हातातच शालीची घडी घातली. माइक माझ्यासाठी ठेवलेला नव्हता, मी पुढे होऊन घेतला.

"मी नाही म्हटलेलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज हॉलभर घुमला, मलाच दचकायला झालं. "हे काम आहे. डॉक्टरांच्या घरी एक बाई हेच काम करते, पगार घेते. मीही घेणार. मी देवी नाही. आणि याला वर आणायच्या आधी कुणीतरी याला विचारायला हवं होतं."

एवढंच बोलले. आणखी पुष्कळ होतं, पण तेवढ्यावर थांबले.

कुणी ओरडलं नाही. सुशिक्षित लोक. डॉक्टरांनी माइक हळूच परत घेतला आणि म्हणाले, "दे आर अंडर अ लॉट ऑफ स्ट्रेस. वी अंडरस्टँड." मग म्हणाले, आता पुढचा कार्यक्रम, मुलांचं नृत्य. पडद्यामागे टेप सुरू झाली. घुंगरू बांधलेल्या मुली विंगेत येऊन थांबल्या.

आणि आम्ही अजून वरच.

मी त्या चौघांकडे बघितलं. एक जण कार्यक्रमपत्रिका वाचत होता. एक जण पोराच्या बुटाची नाडी बांधत होता. उरलेले दोघे दिसलेच नाहीत. उचलून चढवायला चौघे पुढे आले होते. उतरवायला एक नाही. मी वाट बघितली. खरंच बघितली. त्या हॉलमध्ये दोनशेक माणसं, सगळी माझ्या भाषेची, आणि त्या क्षणाइतकी एकटी मी त्या पार्किंगच्या खिडकीतही नव्हते.

मग मी चपला काढल्या. पदर खोचला. व्हीलचेअर उलटी फिरवली, पाठ पायऱ्यांकडे. त्याच्या कानाशी म्हटलं, "उतरायचं का?"

त्याने मान हलवली. हो.

थेरपिस्ट बाईने शिकवलं होतं तसं. आपण खाली, खुर्ची वर. मागची चाकं पायरीच्या कडेवर. मांड्यांवर भार. एक पायरी. चाक टेकलं की श्वास. पुन्हा. टेपवर गाणं चालू झालं, मुली नाचू लागल्या. त्याने मागे हात नेऊन चाकं धरून ठेवली होती, तेवढा भार तो घेत होता. एकदा चाक निसटलं, माझा गुडघा पायरीवर आपटला. कुणीतरी "अगं" म्हणालं. बसूनच म्हणालं. खाली पोचलो तेव्हा माझ्या ब्लाउजची पाठ भिजली होती. मी चपला घालायला परत वर गेले नाही. अनवाणीच त्याला ढकलत दारातून बाहेर नेलं.

घरी न्यायला व्हीलचेअर चढणारी भाड्याची व्हॅन आली. व्हॅनमध्ये तो म्हणाला, "पिशवी सगळ्यांना दिसली ना?"

"दिसली."



सोमवारी मी काउंटीच्या बाईला फोन केला. ती आली. पहिल्या महिन्याच्या अखेरीस नवऱ्याने माझ्या तासांवर सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. पेन ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मी त्याला जवळ घेतलं नाही. त्या दिवशी त्याला त्याचं दुःख होतं आणि मला माझं, आणि दोन्हींची बेरीज होत नव्हती. पण संध्याकाळी माझे तास संपले तेव्हा मी त्याच्या पलंगाशी जाऊन बसले. पिशवी तपासायला नाही, कूस बदलायला नाही. नुसती बसले. तो म्हणाला, "आता काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही. ड्यूटी संपली."

त्याचा पहिला चेक गेला नाही. डॉक्टरांचा कॉमन सेन्स डॉक्टरांपाशीच राहिला. मंडळ मात्र गेलं. पुढच्या दिवाळीला फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पेपर प्लेट्स कोण आणतं मला माहीत नाही.

त्या फोननंतर काउंटीची बाई आली होती तेव्हा तिने पुन्हा सगळं विचारलं. अंघोळ, कपडे, जेवण, पिशवी, कूस. मी एकही काम गाळलं नाही. एकालाही "त्याचं काय एवढं" म्हटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "आणखी काही?"

"आहे," मी म्हटलं. "लोकांनी न विचारता वर चढवून ठेवलेल्या माणसाला खाली उतरवणं."

तिला कळलं नाही. मी हॉलचं सांगितलं. ऐकून तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हनी, याचे पैसे मला देता येणार नाहीत."

"नका देऊ," मी म्हटलं. "ते मी फुकट करीन. बाकी सगळ्याचा पगार घेईन."